अस्थींची साक्ष



इतिहास लिहावयाचा तो कागदपत्रांच्या आधाराने, हा दंडक महाराष्ट्राला इतिहासाचार्य राजवाड्यांनी घालून दिला. गावोगाव पायपीट करून त्यांनी जुनी दफ्तरे मिळविली आणि बखरींच्या भाकडकथांतून इतिहास सोडविला. हे ऋण मोठे आहे. परंतु कागदाला एक जन्मजात मर्यादा असते. ज्याला वतन होते, ज्याचा हक्काचा तंटा होता, ज्याच्याकडून सारा घ्यावयाचा होता, त्याची नोंद कागदावर होते. वेठीला किती माणसे धरली याचा आकडा दफ्तरात सापडेल, पण त्या माणसांनी काय खाल्ले, त्यांची किती मुले दगावली, ओझ्याने त्यांच्या पाठीचे काय झाले, याचा उल्लेख सापडणार नाही. कष्टकऱ्यांचा इतिहास नाही असे म्हटले जाते, त्याचा अर्थ एवढाच की तो दुसऱ्या कोणी लिहून ठेवला नाही.

मात्र एका जागी तो लिहिला गेला आहे, आणि लिहिणाऱ्याला तो खोडता आलेला नाही. ती जागा म्हणजे माणसाचे स्वतःचे शरीर. जमिनीत पुरलेल्या सांगाड्यांचा अभ्यास करून भूतकाळातील समाजाचे आयुष्यमान, आहार, आजार आणि श्रम यांचा शोध घेणारे शास्त्र गेल्या अर्धशतकात जगभर वाढले. समाजवादी कार्यकर्त्याने या शास्त्राकडे दोन कारणांसाठी लक्ष दिले पाहिजे. एक म्हणजे, मूकांच्या इतिहासाचे ते एक मोठे साधन आहे. दुसरे म्हणजे, याच हाडांच्या नावाने वंशश्रेष्ठत्वाचा आणि रक्तशुद्धीचा बाजार पूर्वी मांडला गेला आणि आजही मांडला जातो.

हाडे काय सांगतात?

हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. माणूस जिवंत असेपर्यंत ते झिजते, भरून येते आणि त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे आकार घेते. स्नायू जेथे हाडाला जोडलेला असतो तेथे वर्षानुवर्षांच्या कष्टाने खरबरीत कंगोरे उठतात. मणक्यांची झीज ओझ्याचा हिशेब देते, तर कटीच्या हाडांवरून प्रौढ व्यक्ती स्त्री की पुरुष हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. मुलांचे वय दातांच्या वाढीवरून फार जवळपास काढता येते. डोळ्यांच्या खोबणीच्या छतावर बारीक छिद्रे दिसली, तर बालपणी रक्तक्षयासारखा दीर्घ आजार झाला असावा असा तर्क करता येतो.

दात तर सर्वांत प्रामाणिक साक्षीदार. दातावरील कठीण आवरण बालपणात थराथराने तयार होते आणि एकदा तयार झाल्यावर आयुष्यभर बदलत नाही. मूल उपाशी राहिले किंवा तापाने फणफणले तर त्या काळापुरते हे काम अडते आणि दातावर एक आडवी खाच कायमची राहते. तिसऱ्या वर्षी सोसलेला दुष्काळ चाळीसाव्या वर्षी मेलेल्या माणसाच्या दातावर वाचता येतो तो असा. शिवाय माणूस ज्या भूमीतील अन्नपाणी घेतो तिच्या खनिजांचा ठसा दातात उतरतो. त्यावरून तो जन्मला कोठे आणि मेला कोठे यांतील अंतर कळते. ज्वारी-बाजरीसारख्या धान्यांवर वाढलेले शरीर आणि गहू-तांदळावर वाढलेले शरीर यांतील फरकही हाडांतील कार्बनच्या परीक्षेने ओळखता येतो.

घोड नदीच्या काठी

याचे उदाहरण शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत बारा हंगाम उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या या कामातून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊ शतकांतील शेतकऱ्यांचे एक गाव उजेडात आले. येथे कोणा राजाचा शिलालेख मिळाला नाही. मिळाली ती शंभराहून अधिक घरे, चुली, धान्याची कोठारे, पाण्याचा पाट आणि दोनशेहून अधिक माणसांचे सांगाडे.

या सांगाड्यांत बहुसंख्य लहान मुले आहेत. मूल दगावले की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ते ठेवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरीत. प्रौढ माणसाला आडवे निजवून पुरीत, पण त्याची पावले घोट्यापासून तोडीत. मृताने परत फिरू नये किंवा घर सोडून जाऊ नये, अशी समजूत त्यामागे असावी, असा तर्क झाला आहे. मात्र पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या, न भाजलेल्या मातीच्या रांजणात एक पुरुष बसलेल्या स्थितीत पुरलेला आढळला. त्याची पावले शाबूत होती. घराशेजारी धान्याचे कोठार होते. उत्खननकारांनी ते घर गावाच्या प्रमुखाचे मानले. एवढ्यावरून वर्गसमाज सिद्ध झाला असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. पण धान्याच्या कोठाराजवळ राहणाऱ्याला मरणानंतरही वेगळी वागणूक मिळे, इतके तरी नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

जॉन लुकाक्स आणि डॉ. सुभाष वाळिंबे यांनी या सांगाड्यांचा केलेला अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांच्या हाडांची वाढ तपासून २०११ साली ग्रंथ लिहिला. इसवी सनापूर्वी १००० नंतरच्या काळात या गावाची शेती खालावली, मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शिकारीवरचे अवलंबन वाढले. त्या काळातील मुलांची हाडे वयाच्या मानाने खुंटलेली आढळतात. हवामान कोरडे झाल्याने हे घडले असे प्रथम सांगितले गेले. नंतर त्याबद्दल शंका घेतल्या गेल्या आणि लोकसंख्या, जमिनीचा वापर यांसारख्या कारणांचाही विचार झाला. कारणांची चर्चा चालू राहील. परंतु गावावर अरिष्ट आले तेव्हा त्याचा भार मुलांनी उचलला, ही गोष्ट कोणत्याही बखरीत आलेली नसती. ती सांगितली रांजणातल्या त्या मुलांनी.

न्यूयॉर्कचे गुलाम

दुसरे उदाहरण समुद्रापलीकडचे आहे, पण महाराष्ट्राला ते परके वाटू नये. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सत्पुरुषांना अर्पण केला होता. ज्या गुलामांच्या मुक्तीचा जोतीरावांनी गौरव केला, त्यांच्याच पूर्वजांची ही हकीकत आहे.

१९९१ साली न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागात केंद्र सरकारच्या चौतीस मजली कचेरीचा पाया खोदताना मानवी सांगाडे लागले. अठराव्या शतकात गुलाम आफ्रिकी लोकांना शहराच्या हद्दीबाहेर जेथे पुरीत, ती ही जागा होती. सुमारे पंधरा हजार माणसे तेथे पुरली गेली असावीत असा अंदाज आहे. वसाहतीच्या सरकारला या अंत्यविधींचीही धास्ती होती. १७२२ च्या कायद्याने गुलामांच्या रात्रीच्या दफनावर बंदी आली आणि १७३१ मध्ये बारांपेक्षा अधिक माणसांनी अंत्ययात्रेला जमू नये असे ठरले. मालकांना माहीत होते की जेथे माणसे एकत्र रडतात तेथे एकत्र विचारही करतात.

सरकारी यंत्रणेला इमारतीची घाई होती. परंतु शहरातील कृष्णवर्णीय नागरिक रस्त्यावर उतरले, प्रार्थना झाल्या, निदर्शने झाली, संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि १९९२ मध्ये खोदकाम थांबवावे लागले. लोकांची मागणी केवळ भावनेची नव्हती. हे सांगाडे कोणी अभ्यासावेत आणि कोणते प्रश्न विचारून अभ्यासावेत, हे ठरविण्यात वंशजांचा आवाज हवा, असे ते म्हणत होते. अखेर काम हॉवर्ड विद्यापीठाकडे आले आणि मायकेल ब्लेकी यांच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांनी प्रश्नच बदलला. ही माणसे कोणत्या वंशाची, हे मोजत बसण्याऐवजी ती कोठून आली, कशी जगली, गुलामगिरीने त्यांच्या देहाचे काय केले आणि त्यांनी तिला कसे तोंड दिले, हे त्यांनी विचारले.

उत्तरे हृदय पिळवटणारी आली. ४१९ व्यक्तींचे अवशेष होते. ज्यांचे वय ठरविता आले त्यांत चाळीस टक्क्यांहून अधिक मुले होती. स्नायूंच्या जोडांवर अतिश्रमाच्या खुणा पुरुषांइतक्याच स्त्रियांच्या हाडांवरही होत्या. डोक्यावरून प्रचंड ओझी वाहिल्याने मानेच्या मणक्यांची झीज झालेली होती. काहींच्या तर कवटीच्या तळाशी भाराने पडलेली भेग होती. विशी नुकतीच ओलांडलेल्या एका तरुण स्त्रीच्या बरगड्यांत बंदुकीची गोळी मिळाली आणि तिच्या चेहऱ्याची व हाताची हाडे मोडलेली होती. मात्र याच मातीत दुसरीही साक्ष होती. काहींचे दात आफ्रिकेतील प्रथेप्रमाणे कानशीने घासून आकार दिलेले होते आणि एका प्रौढ स्त्रीच्या कमरेला मण्यांची माळ होती. ज्यांना मालकाने केवळ बाजारातील वस्तू ठरविले, त्यांनी आपल्या माणसांना माणसासारखे निरोप दिले होते.

२००३ साली घानामध्ये हाताने कोरलेल्या लाकडी पेट्यांतून या सर्वांचे पुन्हा दफन झाले आणि २००६ साली ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली. अमेरिकेतील गुलामगिरी म्हणजे दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांची गोष्ट, व्यापारी उत्तरेचा तिच्याशी संबंध नाही, ही सोयीस्कर समजूत त्या हाडांनी खोटी पाडली. जगातील भांडवलाच्या सर्वांत मोठ्या बाजारपेठेचा पाया कोणाच्या मानेवर उभा राहिला, हे आता शाळकरी मुलांनाही तेथे जाऊन पाहता येते.

नाक, कवटी आणि रक्त

हेच हाड दुसऱ्याच्या हाती पडले की काय होते, हेही पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात युरोपीय साम्राज्यांच्या विस्ताराबरोबर कवट्या मोजण्याचे एक शास्त्र फोफावले. भारतात हर्बर्ट रिस्ले यांनी जिवंत माणसांची नाके मोजली आणि जातीची सामाजिक प्रतिष्ठा नाकाच्या रुंदीच्या उलट प्रमाणात असते, असा सिद्धांत मांडला. जातिव्यवस्थेला निसर्गाची मुद्रा मिळाली, यापेक्षा उच्चवर्णीयांना आणि इंग्रज सरकारला अधिक काय हवे होते?

या सिद्धांताला त्याच्याच आकड्यांनी उत्तर मिळाले. डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात डॉ. घुर्ये यांनी संकलित केलेली नाकांची मापे पुढे ठेवली आणि दाखवून दिले की, त्याच मापांवर विसंबायचे तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. अस्पृश्यता रक्तातून आलेली नाही, ती समाजाने लादलेली आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्यापूर्वी इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या विषम आकारावर प्रबंध लिहिला. त्या विषमतेचा वंशाशी संबंध असावा, ही गुरूंची अपेक्षा होती. असा संबंध मापांत दिसत नाही, असे या तरुण मराठी स्त्रीने लिहून दिले. फिशर यांच्या विचारांनी पुढे नाझींच्या वंशवादाला बळ दिले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रामाणिकपणाची किंमत कळते.

मोहेंजोदडोची हकीकतही उद्‌बोधक आहे. तेथे मिळालेल्या सदतीसेक सांगाड्यांवरून मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ साली आर्यांनी केलेल्या कत्तलीचे चित्र रंगविले आणि इंद्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी दाखविले की हे सांगाडे एका वेळचे नाहीत आणि लढाईच्या खुणा त्या थरांत नाहीत. पुढे केनेथ केनेडी यांनी हाडे तपासली, तेव्हा कत्तलीला पुरेशा जखमा आढळल्या नाहीत. परंतु तोवर ती कथा पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली होती.

आता मोजपट्टीची जागा जनुकांच्या परीक्षेने घेतली आहे. मोह मात्र जुनाच आहे. हरियाणातील राखीगढी येथील एका स्त्रीच्या सांगाड्यातून मिळालेल्या जनुकांवर २०१९ साली शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तिच्यात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील पूर्वजांचा अंश आढळला नाही. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने दाखविले की तो अंश इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात दक्षिण आशियात आला आणि आजच्या अनेक समाजांत तो कमीअधिक प्रमाणात मिसळलेला आहे. दोन्ही निष्कर्ष एकमेकांशी जुळतात आणि दोहोंचा अर्थ एकच: या देशातील प्रत्येक माणूस मिश्र आहे. परंतु वृत्तपत्रांतून आणि व्यासपीठांवरून गाजले ते एवढेच, की आर्य येथलेच की बाहेरचे. मूळचा कोण आणि उपरा कोण हे ठरविण्यासाठी सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीला साक्षीला ओढले गेले. ‘मूळचे’ ठरल्याने कोणाला देशाची मालकी मिळत नाही आणि ‘आलेले’ ठरल्याने कोणाचे नागरिकत्व जात नाही, हे ठामपणे सांगणे हे समाजवाद्यांचे काम आहे. त्यासाठी संशोधनाला विरोध करण्याचे काहीच कारण नाही. विरोध हवा तो संशोधनाच्या नावाने चालणाऱ्या लबाडीला.

साक्षीच्या मर्यादा

आणि म्हणूनच समाजवाद्यांनीही हाडांकडून त्यांना सांगता येते त्याहून अधिक वदवून घेऊ नये. लंडनमधील स्पिटलफिल्ड्स येथील चर्चच्या तळघरातून १९८४ ते १९८६ या काळात सुमारे हजार सांगाडे काढले गेले. त्यांतील शेकडो पेट्यांवर नाव आणि वय कोरलेले होते. शास्त्रज्ञांचे अंदाज त्या पाट्यांशी ताडून पाहिले तेव्हा वृद्धांना ते बरेच तरुण समजत होते असे आढळले. पूर्वीची सगळी माणसे चाळिशीतच मरत, या समजुतीचा काही भाग अशा चुकीतून आलेला आहे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे आणि १९९२ पासून तिची शास्त्रात फार चर्चा झाली. हाडावर आजाराची खूण उमटायला वेळ लागतो. पटकी किंवा देवीने चार दिवसांत मेलेल्याच्या हाडावर काहीच दिसत नाही. ज्याच्या हाडावर खूण दिसते तो आजाराशी झुंजून काही काळ तगलेला असतो. तेव्हा स्वच्छ हाड म्हणजे सुखी आयुष्य असे समीकरण मांडता येत नाही. तिसरी मर्यादा या देशाची खास आहे. येथे बहुसंख्यांचे दहन होत आले, त्यामुळे ऐतिहासिक काळातील मोठा शेतकरी समाज या शास्त्राच्या हाती लागत नाही. असे असूनही जे मिळते तेही राखले जात नाही. अनेक गावांत पांढरीची माती खत म्हणून शेतात नेली जाते आणि तिच्याबरोबर मडकी, चुली, हाडे सारे काही नांगराखाली जाते. आपल्या भागात असे टेकाड खणले जात असेल तर पुरातत्त्व खात्याला आणि जवळच्या महाविद्यालयाला कळविणे हे कार्यकर्त्याचे साधे, पण मोलाचे काम ठरेल.

हाडे कोणाची, हाही प्रश्न टाळता येत नाही. ब्रिटिश अमदानीत नागा टेकड्यांतून नेलेल्या कवट्या आणि अस्थी ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहेत. २०२० साली त्या संग्रहालयाने मानवी अवशेष प्रदर्शनातून काढले आणि ते परत आणण्यासाठी नागा समाजात विचारविनिमय सुरू झाला. तरीही २०२४ साली इंग्लंडमधील एका लिलावात एक नागा कवटी विक्रीला ठेवली गेली, आणि नागालँडमधून निषेध झाल्यावरच ती मागे घेतली गेली. ज्ञान हवे, पण पूर्वजांच्या लुटीवर उभे राहिलेले नको. वंशजांना विश्वासात घेऊन केलेला अभ्यास अधिक समृद्ध होतो, हे न्यूयॉर्कने दाखवून दिलेच आहे.

जिवंत हाडे

शेवटी मुख्य मुद्द्याकडे यावयाचे. या साऱ्या अभ्यासाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: समाजात अन्न आणि श्रम यांची वाटणी जशी असते, तशी माणसांची हाडे घडतात. विषमता हा केवळ हिशेबाच्या वहीतला शब्द नाही. ती शरीरात मुरते आणि हाडाच्या रूपाने मागे उरते.

हे मान्य केले की मेलेल्यांची हाडे जिवंतांकडे बोट दाखवितात. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. महाराष्ट्रासारख्या पुढारलेल्या म्हणविल्या जाणाऱ्या राज्यात हे प्रमाण ३५.२ टक्के होते. इनामगावच्या रांजणातील मुलांची हाडे मोजताना शास्त्रज्ञ जी खूण शोधतात, तीच ही खूण. फरक एवढाच की ही मुले अजून जिवंत आहेत. तसेच ओझ्याचे. महाराष्ट्रात हमालांच्या आणि माथाड्यांच्या लढ्यातून १९६९ चा कायदा झाला, तेव्हा मानेचा आणि पाठीचा प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडला गेला. तो कायदा दुबळा करण्याचे प्रयत्न होतात तेव्हा त्याची किंमत कोणाच्या मणक्यांत मोजली जाईल, हे न्यूयॉर्कच्या त्या गुलामांनी सांगून ठेवले आहे.

म्हणून अंगणवाडीतील मुलांच्या उंचीच्या आणि वजनाच्या नोंदी खऱ्या होतात की कागदोपत्री भरल्या जातात, हे प्रत्येक शाखेने आपल्या गावात पाहावे. पोषण आहार थांबला तर त्याची तक्रार वेळीच झाली पाहिजे. पुढच्या हजार वर्षांनी कोणी या भूमीत खोदकाम केले, तर या काळातील घोषणा आणि जाहीरनामे त्याला मिळतील किंवा न मिळतील. मुलांचे दात मात्र नक्की मिळतील, आणि त्यांवर ती उपासाची आडवी खाच आहे की नाही, एवढे पाहून तो या पिढीचा न्याय करील.